पंखा नेमका कशासाठी?

चपला घरीच राहू द्या. पायांत रबरी बूट चढवा, कारण तुम्ही उतरताय ती जमीन मुळात दलदल आहे. पाऊल टाकलंत की पचक्कन आवाज होतो आणि बूट ओढून काढावा लागतो. चारी बाजूंना पाइनचं रान. राळेचा तिखट वास, त्यात तंबूंपुढच्या शेकोट्यांचा धूर आणि तव्यावर तडतडणारी सॉसेजेस. कानाशी डासांची भुणभुण. स्वीडन, स्मोलांड प्रांत, अँडरस्टॉर्प नावाचं छोटंसं गाव, 1978 चा जून, फॉर्म्युला वनची शर्यत. इथं जमलेल्यांपैकी फारसं कुणी झोपलेलं नाही, कारण काल रात्र म्हणावी तशी झालीच नाही. अकरा वाजले तरी वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत होते.

मातीच्या उंचवट्यावर जागा मिळवा. कोपरं थोडी वापरावी लागतील. लोकरीचे स्वेटर, ओले कोट, तंबाखूचा दर्प. शेजारचा धिप्पाड गडी थर्मासमधली काळी कॉफी तुमच्यापुढे करतो आणि पहिल्याच वाक्यात ‘तू’ म्हणतो. दचकू नका. या देशात गेल्या दहाएक वर्षांत ‘अहो-जाहो’ जवळजवळ गेलंच आहे. डॉक्टर असो, साहेब असो, सगळ्यांना एकच ‘तू’. भांडायला हे फार सोयीचं पडतं, थोड्या वेळात कळेलच.

त्याच्या बोटांकडे बघा. नखांच्या कडांत धुऊनही न जाणारं काळं तेल. हा लेथवर काम करतो. पलीकडची बाई साचे बनवणाऱ्या कारखान्यात आहे, मागचा म्हातारा आयुष्यभर तार ओढत आला. अँडरस्टॉर्प आणि शेजारचं ग्नोशो हा सगळा मुलूखच छोट्या वर्कशॉपांचा. धातू कापणारी, वाकवणारी, घासणारी माणसं. त्यांना यंत्रातली चलाखी दुरून दाखवा, ती जवळ येऊन बोट लावून बघणारच.

आणि आज इथं बघण्यासारखं यंत्र आलंय.

काल सरावाच्या वेळी तुम्ही कुंपणाशी उभे होतात असं समजा. ब्रॅबम संघाची लाल गाडी ढकलत आणली गेली. मागच्या बाजूला, जिथं गिअरबॉक्स दिसायला हवा, तिथं चक्क कचऱ्याच्या डब्याचं गोल झाकण लावलेलं! झाकण निघालं तेव्हा मागे होता भलामोठा पंखा. मेकॅनिकनं इंजिन सुरू केलं, बारा सिलिंडरांची अल्फा रोमिओ किंचाळली, छातीच्या फासळ्या थरथरल्या, गरम तेलाचा भपका नाकात शिरला. त्यानं थ्रॉटल दिला मात्र, गाडी खाली बसली. म्हैस डबक्यात बसावी तशी, अंग सोडून. थ्रॉटल सोडला, गाडी पुन्हा वर. कुंपणाशी क्षणभर कुणी बोललं नाही. मग सगळेच एकदम बोलू लागले.

गडी तुम्हाला समजावतो. समजावतो म्हणजे कॉफीचा रिकामा कप तुमच्या तोंडावर उपडा दाबतो. ओढ हवा आत, म्हणतो. ओढा. कप ओठांभोवती गच्च चिकटतो, हात सोडला तरी पडत नाही. ही झाली गाडी, तो सांगतो. पंखा पोटाखालची हवा मागे उपसतो, कडांना लावलेले स्कर्ट बाहेरची हवा आत येऊ देत नाहीत, वरच्या हवेचा दाब गाडीला रस्त्यावर दाबून धरतो. म्हणून वळणावर ती इतरांपेक्षा जोरात जाते.

पण पंखा लावायची वेळ का आली? लोटसनं यंदा काळी-सोनेरी 79 आणली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना, पोटाखाली, उलट्या पंखासारखे बोगदे आहेत. हवा तिथून वेगानं जाते आणि गाडी आपोआप जमिनीकडे ओढली जाते. ब्रॅबमचा डिझायनर गॉर्डन मरे हे करू शकत नव्हता, कारण त्याच्या वाट्याला आलेलं अल्फाचं इंजिन आडवं, पसरट. बोगद्यांची जागाच इंजिन खाऊन बसलेलं. जागा नाही म्हटल्यावर त्यानं रेडिएटर इंजिनावर आडवा निजवला, गिअरबॉक्सवरून पंखा फिरवला आणि सांगितलं: हा पंखा इंजिन थंड करण्यासाठी आहे.

नियम म्हणतो, ज्याचा मुख्य हेतू हवेचा दाब मिळवणं आहे तो भाग हलता असता कामा नये. ब्रॅबमचं म्हणणं असं की पंख्यातून जाणारी निम्म्याहून जास्त हवा रेडिएटरमधून येते, म्हणजे थंड करणं हा मुख्य हेतू, चिकटणं हा जोडीचा फायदा. सगळा खटला ‘मुख्य’ या एका शब्दावर उभा आहे.

“खोटं आहे!” साच्यांवाली बाई कडाडते. “माझ्या मशीनवर असा पंखा लावून साहेबाला सांगितलं की हवा खायला लावलाय, तर तो ऐकेल?”

“नियमात लिहिलंय तेवढंच नियम,” गडी म्हणतो. “आणि लोटसचे स्कर्ट वरखाली सरकतात, ते हलत नाहीत काय? त्यांच्या मालकाला, चॅपमनला, कुणी विचारलं?”

मागचा म्हातारा मध्ये पडतो. 1969 मध्ये बार्सिलोनाला गाड्यांच्या डोक्यावर उंच काठ्यांवर लावलेले पंख तुटले, हिल आणि रिंट हे दोघे चालक आदळले, हे त्याला लख्ख आठवतं. “उद्या हा पंखा वळणात बंद पडला तर? पकड जाईल ती एका क्षणात. चालकाला कळेपर्यंत तो रानात असेल.”

यावर गडी गप्प होतो. मलाही इथं थांबावंसं वाटतं. माझं मन मरेच्या बाजूला झुकतं, कारण अडचणीतून वाट काढणारी बुद्धी मला नेहमी सुंदर वाटते. पण म्हाताऱ्याचा प्रश्न मला अजून खोडता आलेला नाही. अशा वादात दोन्ही बाजू खऱ्या असतात, म्हणून तो मला शर्यतीइतकाच प्रिय आहे. शिवाय या लोकांनी दोन वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर सहा चाकांची टायरेल जिंकताना पाहिली आहे. विचित्र गाडी दिसली की त्यांना आधी हसू येत नाही, आधी ते चाकं मोजतात.

शर्यत सुटली! सुरुवातीची रेषा इथून दिसत नाही. या ट्रॅकवर रेषा एकीकडे आणि पिट भलतीकडे. दिसतो तो फक्त रानावर उडालेल्या पाखरांचा थवा, मग जमिनीतून येणारा गुरगुराट, मग एकदम सगळं. कानावर हात ठेवा. काळी लोटस पुढे, मारिओ आंद्रेत्ती. मागोमाग निकी लाउडाची लाल ब्रॅबम. ती पुढून जाते आणि बारीक खडी, वाळलेलं गवत, रबराचा चुरा मागे उधळतो. डोळे मिटा, चेहऱ्यावर टायरची ऊब येईल. मागच्या चालकांची तक्रार हीच आहे, की ही गाडी रस्ता झाडून त्यांच्या तोंडावर फेकते.

दुसरी ब्रॅबम, जॉन वॉटसनची, गोल फिरून बाहेर जाते. डिडिए पिरोनीची टायरेलही रस्त्यावर तेल सांडून गेली आहे. आता बघा. एकेक गाडी त्या चकचकीत पट्ट्यावर आली की बुजते, मागचा भाग हलतो, चालक थ्रॉटल सोडतो. लाउडा सोडत नाही. पंखा इंजिनावर चालतो, इंजिन जितकं ओरडेल तितकी पकड घट्ट. भीती वाटली की पाय उचलायचा, हे चालकाच्या हाडात मुरलेलं असतं. लाउडा त्या हाडाविरुद्ध गाडी चालवतोय. तेलावरून तो कोरड्या रस्त्यावरून जावं तसा जातो. आंद्रेत्ती थोडा चुकला, ब्रॅबम पुढे. उंचवट्यावर आधी सन्नाटा, मग ओरडा, आणि तुमच्या पाठीवर गड्याचा असा दणका की पुन्हा भरून दिलेली कॉफी तुमच्या स्वेटरवर.

पुढे आंद्रेत्तीचं इंजिन जातं. पण आता इथल्या गर्दीला वेगळीच तहान लागली आहे. निळं-पिवळं हेल्मेट, रॉनी पीटरसन, घरचा पोरगा, रिकार्डो पात्रेझेच्या मागे चिकटलाय. बाई पंखाबिंखा विसरून रॉनी, रॉनी ओरडतेय, तिचा आवाज फाटलाय. लाउडा 34 सेकंदांनी जिंकतो. रॉनी पात्रेझेच्या इतका लगत रेषा ओलांडतो की त्यांच्यात एक श्वासही मावत नाही. तिसरा. बाई रडते आणि हसते.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. सप्टेंबरात मोन्झाच्या अपघातानंतर रॉनी जाणार, ऑक्टोबरात दुसरा स्वीडिश चालक, आजारी गुन्नार निल्सनही जाणार, आणि या ट्रॅकवर पुन्हा ही शर्यत कधी भरणार नाही, हेही. गप्प राहा. तिला आजचा दिवस पुरता मिळू दे.

संध्याकाळचे आठ वाजलेत आणि ऊन अजून तिरकं पडलंय. बाहेर जायच्या कच्च्या रस्त्यावर साब आणि व्होल्व्हो गाड्या चिखलात रुतून उभ्या. कुणी कुणाची गाडी ढकलतंय, आणि ढकलताना भांडतंय. इतर संघांनी तक्रार केल्याची बातमी भोंग्यावरून आली आहे. काही दिवसांत पंख्यावर बंदी येईल, लाउडाचा विजय मात्र कायम राहील, आणि ती गाडी पुन्हा कधी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरणार नाही. इथं हे अजून कुणाला ठाऊक नाही.

“बंदी घालायची तर लोटसच्या स्कर्टांवरही घाला,” गडी ढकलता ढकलता म्हणतो.

“घाला,” बाई म्हणते. “दोन्हींवर घाला. मग बघू कोण खरा चालक.”

म्हातारा मागच्या सीटवर बसलाय. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून नातू झोपलाय, मिटल्या मुठीत कागदी कप. दिवसभर तो कप तोंडाला लावून हवा ओढत होता. ओठांभोवती गोल लाल वळ उठलाय. म्हातारा त्यावरून अंगठा फिरवतो आणि पुढच्यांना सांगतो, हळू ढकला, पोर उठेल.