पाऊस मुक्कामाला राहिला तेव्हा

आमच्या धाटावच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात दागिने नाहीत, खरेदीखतं नाहीत. तिच्यात जुनी कालनिर्णयं आहेत. १९७९ पासूनची, सुतळीनं वर्षवार बांधलेली. पहिल्या दोन कॅलेंडरांवर आप्पांनी शाईपेनानं पत्ता घातलाय, मु. धाटाव, ता. रोहा, जि. कुलाबा. १९८१ पासून कुलाब्याचं रायगड झालं. जिल्ह्याचं नाव बदललं, आप्पांची सवय नाही बदलली.

सवय कसली, छंदच तो. आप्पा पाऊस मोजायचे.

एमआयडीसी आली तेव्हा आमची थोडी जमीन तिच्यात गेली आणि आप्पा एका कारखान्यात लागले. रात्रपाळी संपवून सकाळी घरी यायचे, पण घरात शिरायच्या आधी परसात जायचे. तिथं फणसापासून लांब, उघड्यावर, दोन विटांच्या मधोमध एक सरळ भिंतींचा तुपाचा डबा ठेवलेला असायचा. त्यात माझी शाळेची पट्टी उभी करायची, किती मिलिमीटर ते बघायचं, पाणी ओतून द्यायचं आणि कालनिर्णयाच्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा. डब्याचं तोंड आणि तळ सारखा असला की पट्टीवर येतो तोच पाऊस, गणित काही लागत नाही. सरकारी केंद्रावर साडेआठला नोंद घेतात, आमच्याकडे आठला. आई म्हणायची, "च्या निवला तरी चालंल, पण डबा निवता कामा नये."

आकड्याशेजारी जागा उरली तर आप्पा दोन शब्द लिहीत. 'लावणी सुरू.' 'गाय व्याली.' 'वहिनींस ताप.' २४ जुलै १९८९ च्या चौकोनात लिहिलंय, 'डबा भरून वाहिला.' त्याच पावसात पलीकडे सुधागडात अंबा नदीनं जांभूळपाड्याचा घास घेतला. २६ जुलै २००५ ला लिहिलंय, 'डबाच गेला.' वाचून हसू येतं, पण त्याच दोन दिवसांत महाडकडे दरडींखाली माणसं गेली होती, हे आठवलं की हसू विरतं.

आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने बाहेरचं जग मिटलेलं असतं. काही देशांत म्हणे वसंत आला तरी बर्फ हलत नाही आणि माणसं घरात अडकून पडतात. आम्हाला बर्फ ठाऊक नाही, पण अडकून पडणं चांगलं ठाऊक आहे. लावणी उरकली की घरात ज्याचा त्याचा उद्योग सुरू व्हायचा. आई जुन्या लुगड्यांची गोधडी घालायची. आजी ओटीवर बसून सागरगोटे खेळायची, आणि आम्हा पोरींना हरवायची. दादा पेणला गणपतीच्या कारखान्यात काही दिवस रंगकामाला गेला होता. येताना शाडूची माती घेऊन आला, त्याचे बैल, उंदीर, मोर करायचा. पावसाळी हवेत ते वाळायचेच नाहीत. चुलीवरच्या फळीवर ओळीनं मांडून ठेवलेले ते अर्धे ओले बैल मला अजून दिसतात. रात्री दिवे गेले की कंदिलाभोवती बदाम सात.

हे सगळं गोड वाटायचं, कारण पाऊस जाणार हे नक्की असायचं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस बंदुका घेऊन देवाला सलामी देतात. ती सलामी झाली की आमच्या लेखी पावसाळा संपला. मग कापणी, झोडणी, उडव्या. भात निघालं की त्याच ओलीवर वरकस तुकड्यात वाल. कालव्याचं पाणी मिळतं त्या खाचरांत उन्हाळी भात. ते पाणी कुंडलिकेचं, डोलवहालच्या बंधाऱ्यावरून येणारं. पण मूळ ते मुळशीचं. टाटांच्या धरणासाठी तिकडच्या मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला. १९२७ पासून ते पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कुंडलिकेत सुटतं. कुणाच्या बुडालेल्या शेताचं पाणी आमच्या खाचरात येतं, हे आप्पा आम्हाला पहिल्या पाटाला दरवर्षी सांगायचे.

आणि वालाला शेंगा धरल्या की पोपटी. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, अंडी, परवडलं तर कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंडाला पाला कोंबायचा, मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि झावळ्या पेटवायच्या. थंडीत शेकत बसलेलं घर, शेजार, पाहुणे. आमचं वर्ष या पोपटीशी येऊन पूर्ण होतं.

२०१९ साली पाऊस गेलाच नाही.

त्या वर्षी ८ ऑक्टोबरला दसरा होता. ९ तारखेला पालखी निघाली, आणि त्याच दिवशी हवामान खात्यानं सांगितलं की मान्सून वायव्य भारतातून आता कुठे परतायला लागलाय. एवढा उशीर नोंदीत कधीच झाला नव्हता. त्याआधीचा विक्रम १ ऑक्टोबर १९६१ चा होता. तरी मधे चार दिवस ऊन पडलं. हळवं भात आम्ही कापून घेतलं. गरवं उभं होतं. ते आजीच्या वेळेपासूनचं बी. बाजारात रत्ना, जया, कर्जतच्या संशोधन केंद्राची वाणं आली, ती आम्हीही लावली, पण ३० गुंठ्यांत हे गरवं दरवर्षी असायचंच. त्याचं बी विकत मिळत नाही. घरात राहिलं तर राहिलं.

ते कापलं आणि लोंब्या वाळायला खाचरातच पसरल्या. तोवर चित्रा संपून स्वाती लागलं. अरबी समुद्रात क्यार नावाचं वादळ उठलं. किनाऱ्याला न लागता ते ओमानच्या दिशेनं गेलं, पण जाता जाता आमच्यावर पाणी ओतून गेलं. ते सरतं न सरतं तोच त्याच्यामागून महा आलं. अरबी समुद्रात दोन वादळं अशी एकाच वेळी नोंदीत प्रथमच दिसली. स्वातीचा पाऊस मोत्यांचा असं म्हणतात. त्या वर्षी मोत्यांना कोंब फुटले.

२७ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी. अंघोळी झाल्या, अंगणात कारीट फोडलं आणि वर आभाळ गडगडलं. दादाच्या मुलीनं नदीपलीकडचा अवचितगड मातीत केला होता, त्याच्यावर ताडपत्री धरून ती उभी. आकाशकंदील पडवीत. निवडणुकीचा निकाल लागला होता, सरकार बनत नव्हतं. दादा म्हणाला, "पाऊस जाईना नि सरकार येईना."

पण त्याचा खरा वाद आप्पांशी होता. दादाचं म्हणणं, भारे तसेच राहू द्यावेत, उद्या ऊन पडलं की उलटू. ओले उचलून घरात कोंबले तर तापतील, कुजतील. खोटं नव्हतं ते. आप्पा काही बोलले नाहीत. पेटी खाली घेतली आणि ओटीवर कालनिर्णयं पसरून बसले. ऑक्टोबरची पानं तेवढी काढत होते. तासाभरानं म्हणाले, "चाळीस वर्सांत दिवाळीत पाऊस बऱ्याचदा आलाय. पण असा रोज नाय आला. या वर्साला मागचा कागद उपयोगाचा नाय. उद्याच्या उन्हावर बसू नको. बी तेवढं वर काढ."

आयुष्यभर लिहिलेल्या आकड्यांनी त्यांना एवढंच सांगितलं की आता आपले आकडे चालत नाहीत. ते कबूल करताना त्यांचा आवाज कसा झाला होता, ते मी विसरणार नाही.

दुपारी आम्ही सगळे ढोपरभर चिखलात. वहिनी, मी, दादा, पोरं. आई बांधावर बसून लोंब्या निवडत होती. कोंब फुटलेल्या बाजूला, शाबूत टोपलीत. शाबूत दहा टोपल्या निघाल्या असतील. चुलीवरच्या माळ्यावर, बैल वाळत त्याच फळीवर, बाजेवर, पंख्याखाली, जिथं जागा तिथं लोंब्या. आठवडाभर चूल विझली नाही. रात्री पत्ते खेळता खेळता एकेकानं उठून लोंब्या उलटायच्या. घरभर धुराचा आणि ओल्या पेंढ्याचा वास. दादा उरलेल्या भाऱ्यांसाठी उन्हाची वाट बघत राहिला. ऊन आलं, पण उशिरा. ते भात गुरांनीही धड खाल्लं नाही.

पंचनामे झाले. नोव्हेंबरात राष्ट्रपती राजवट होती, राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले. म्हणजे गुंठ्याला ८०. आमच्या तीस गुंठ्यांचे २,४००. दादानं हिशेब कालनिर्णयावरच केला आणि खोडला.

वाल उशिरा पेरले गेले. पोपटी फेब्रुवारी सरता सरता लागली, तीही अर्ध्या मडक्याची. आप्पांनी त्या चौकोनात लिहिलंय, 'पोपटी. थंडी नाही. शेंगा गोड.'

मग लॉकडाऊन आला आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ. या वेळी वादळ बाजूनं गेलं नाही, रायगडच्या किनाऱ्यालाच लागलं. आमची कौलं उडाली, फणस पडला, माळ्यावर पाऊस सरळ आत. पेटीत पाणी शिरलं. वरच्या सहा-सात वर्षांची कालनिर्णयं लगदा झाली, शाई उतरून सगळी निळी. त्यात २०१९ नव्हतं. ते खिळ्यालाच टांगलेलं होतं, भिंतीच्या आडोशाला वाचलं.

आप्पा लगद्याकडे बघत बसले तेव्हा आई आत गेली नि बियाण्याची कणगी उघडली. मूठभर दाणे घेतले, शंभर मोजले, ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवले. तीन दिवसांनी फडकं सोडलं. एकसष्ट रुजले होते. "शंभरात एकसट," ती म्हणाली, "दाट पेरा म्हंजे झालं."

राब भाजून झालेलाच होता. दाट पेरलं. रोपं आली.

गरवं आजही तीस गुंठ्यांत आहे. दादा आता बी दोन घरी ठेवतो, एक आमच्याकडे, एक रोह्याला माझ्याकडे. आप्पांना हल्ली वाकवत नाही. सकाळी आठला डब्यात पट्टी पुतणी धरते. ती आकडा मोबाइलवर टिपून ठेवते, मग आप्पांना वाचून दाखवते. ते म्हणतात, "कागदावर पण लिव." ती लिहिते.