इंजिन बदल : इंजिन संगणकाची निवड व ट्यूनिंग (सातारा–सांगली परिसर)

मोटारगाडीचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी दुसरे चढवल्यावर त्यासाठी योग्य इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (ईसीयू) निवडणे आणि त्यातील इंधनाचे व ठिणगीचे तक्ते (नकाशे) त्या गाडीला, इंधनाला व प्रदेशाला जुळवून घेणे, ही परस्परांशी बांधलेली दोन कामे. इंजिन माउंटिंगवर नीट बसले, गिअरबॉक्स जुळली आणि सेल मारताच गाडी सुरू झाली, म्हणजे काम संपले असे नाही. थंड सकाळी, भर उन्हात आणि घाटात भरल्या गाडीने इंजिन सारखेच बिनतक्रार चालले, तरच ते पूर्ण झाले असे म्हणता येते.

पार्श्वभूमी : सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांना इंजिनाची ओळख जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात सुरू केलेला कारखाना पुढे डिझेल इंजिनांसाठी नावाजला. शेतीपंप, उसाची वाहतूक आणि ट्रॅक्टर यांमुळे गावोगावी इंजिन उघडणारे हात तयार झाले. देवराष्ट्रे (ता. कडेगाव) येथील एका कारागिराने दुचाकीचे भाग वापरून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. २०२१ च्या अखेरीस उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर दखल घेतली आणि पुढे तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली.

पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवण्याची जुनी पद्धत यांत्रिक होती. इंधनपंपाचे टायमिंग व स्क्रू जुळवले की काम भागे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. या काळातली इंजिने सेन्सर आणि संगणकाविना चालत नाहीत. त्यामुळे जुन्या बाजारातून इंजिन आणताना त्याचा ईसीयू, वायरिंग हार्नेस, ॲक्सिलरेटर पेडल आणि चावीचा इमोबिलायझर एकाच गाडीतून मिळवणे आवश्यक झाले आहे.

निवडीचे पर्याय : (१) मूळ ईसीयू. इंजिन ज्या गाडीतले, त्याच गाडीचा संगणक वापरणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. थंडीत सुरू होणे, आयडल, पंखा, एसीचा भार हे सारे उत्पादकाने आधीच बसवलेले असते. अडचण येते ती इमोबिलायझरची. चावी, ईसीयू आणि बऱ्याच गाड्यांत मीटर यांची सांकेतिक जोडी असते. त्यातला एक भाग नसला तर इंजिन सुरू होत नाही किंवा लगेच बंद पडते. कॉमन रेल डिझेलच्या बाबतीत मूळ ईसीयूच धरावा. प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या निर्मितीतील सूक्ष्म फरक सांगणारा संकेतांक कोरलेला असतो. इंजेक्टर बदलला आणि नवा संकेतांक स्कॅनरने भरला नाही, तर आयडल खडखडतो आणि धूर वाढतो.

(२) पिगीबॅक. मूळ ईसीयू आणि सेन्सर यांच्या मध्ये बसणारी ही पेटी संदेश थोडेफार बदलते. बंगळुरूत तयार होणारे पॉवरट्रॉनिक हे दुचाकीस्वारांना ठाऊक असलेले उदाहरण. इंजिन मूळचेच ठेवून किरकोळ फेरफार केले असतील तर ती पुरते. पूर्ण इंजिन बदलाला अपुरी पडते.

(३) स्वतंत्र ईसीयू. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो, लिंक, हॉलटेक, इक्यूमास्टर यांसारख्या नियंत्रकांत प्रत्येक तक्ता स्वतः भरावा लागतो. घेण्यापूर्वी चार गोष्टी ताडाव्यात : क्रँकच्या दातेरी चक्राची रचना (६०-२, ३६-१ इ.) तो ओळखतो का, इंजेक्टर व इग्निशन कॉइल चालवण्याइतकी आउटपुट आहेत का, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असल्यास त्याला आधार आहे का, आणि तो बसवून, ट्यून करून देणारा माणूस गाठता येण्याजोगा आहे का. चौथी गोष्ट बहुतेक वेळा किमतीहून महत्त्वाची ठरते.

उदाहरण : १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीचे मूळ इंजिन ९७० सीसीचे, कार्बोरेटरवर चालणारे. पुढे जिप्सी किंगमध्ये १,२९८ सीसीचे इंजिन आले आणि २००० च्या सुमारास त्याला एमपीएफआय (बहुमुखी इंधन इंजेक्शन) प्रणाली मिळाली. जुन्या जिप्सीत हे नंतरचे इंजिन चढवताना कार्बोरेटरचा पंप निरुपयोगी ठरतो, कारण तो जेमतेम ०.३ बारच्या आसपास दाब देतो, तर इंजेक्टरना साधारण ३ बार लागतो. म्हणून टाकीत विजेवरचा पंप, दाब सोसणारे पाइप आणि परतीची नळी ही कामे संगणकाच्या आधी करावी लागतात. हेच इंजिन कुळ मारुतीच्या एस्टीममध्येही होते; पण तेथे ते आडवे बसत असल्याने तेलाचे चेंबर आणि जोडणीचे काही भाग जसेच्या तसे जुळत नाहीत.

ट्यूनिंगचा क्रम : आधी यांत्रिक तपासणी. कॉम्प्रेशन, इंधनदाब आणि इनटेकमधली हवेची गळती पाहिल्याशिवाय लॅपटॉप उघडू नये. नंतर अर्थिंग. इंजिन, बॉडी व बॅटरी यांच्यातील सैल अर्थिंगमुळे सेन्सरचे आकडे नाचतात आणि दोष नकाशाच्या माथी जातो. तिसरी पायरी टायमिंगची. ईसीयूमध्ये ठिणगी १० अंशांवर स्थिर करून पुलीवरची खूण टायमिंग लाइटने पाहावी. पडद्यावरचा आकडा आणि पुलीवरची खूण जुळत नसेल, तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा ठरतो. ठिणगी फार आधी पडली तर भाराखाली नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी ज्वलन) होऊन पिस्टन फुटू शकतो.

यानंतर इंजेक्टरचा प्रवाह व उघडण्यातला विलंब भरून आयडल, हलका भार, पूर्ण भार या क्रमाने इंधनाचा तक्ता सुधारतात. त्यासाठी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हवा. हलक्या भारावर लॅम्डा (प्रत्यक्ष व आदर्श हवा-इंधन प्रमाणांचे गुणोत्तर) १ च्या जवळ आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर ०.८५ ते ०.९० हा सुरुवातीचा सुरक्षित पल्ला मानतात. पूर्ण भाराचे काम डायनोवर करावे. गाडी चालवता चालवता लॅपटॉपवर आकडे बदलणे जिवावर बेतणारे आहे. नोंदी साठवून, गाडी थांबवून मगच तक्ता बदलावा.

प्रादेशिक घटक : सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी., तर महाबळेश्वर सुमारे १,३७० मी. उंचीवर आहे. या चढात हवेचा दाब ९ ते १० टक्क्यांनी उतरतो. एकट्या पसरणी घाटात, वाईपासून पाचगणीपर्यंत, तो ६ ते ७ टक्के घटतो. इनटेकमधला निरपेक्ष दाब मोजणारी (मॅप सेन्सर) प्रणाली हा फरक बऱ्याच अंशी आपोआप सांभाळते. केवळ थ्रॉटलच्या कोनावर इंधन ठरवणारी प्रणाली मात्र बाहेरच्या दाबाच्या वाचनावर अवलंबून असते. काही नियंत्रक हे वाचन चावी फिरवताना एकदाच घेतात. अशी गाडी वाईत सुरू करून न थांबता वर नेली की मिश्रण रिच (इंधन जास्त) होते. पाचगणीत सुरू करून खाली आणली की ते लीन (इंधन कमी) होते आणि पायथ्याच्या सपाट रस्त्यावर जोर लावताच नॉकिंगचा धोका उभा राहतो. म्हणून या भागातील गाडीला सतत दाब वाचणारा वेगळा सेन्सर लावणेच योग्य. जत, आटपाडीकडच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास असतो. तेथे इनटेक हवेच्या तापमानानुसार ठिणगी मागे घेणारा तक्ता भरलेलाच हवा.

दुसरा घटक इथेनॉल. उसाच्या या पट्ट्यातील साखर कारखाने इथेनॉल बनवतात आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला १४.७, इथेनॉलला ९ आणि या मिश्रणाला सुमारे १३.५ पट हवा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन सुमारे ९ टक्के जास्त द्यावे लागते. परदेशातून उतरवलेला तयार नकाशा शुद्ध पेट्रोलसाठी असेल, तर इंजिन पहिल्या दिवसापासून लीन चालते. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व सील इथेनॉलला टिकणारे आहेत का, तेही पाहावे.

शिक्षण व स्पर्धा : सांगलीचे वालचंद (१९४७) व कराडचे शासकीय (१९६०) ही या भागातील जुनी अभियांत्रिकी महाविद्यालये. सुप्रा एसएईइंडिया, फॉर्म्युला भारत यांसारख्या विद्यार्थी स्पर्धांत दुचाकीचे इंजिन स्वतः बांधलेल्या चौकटीत बसवतात आणि सारी हवा २० मिमी व्यासाच्या अरुंद मार्गातून घ्यावी लागते. मूळ नकाशा तेथे चालत नाही. त्यामुळे ट्यूनिंग शिकण्यासाठी इतके चांगले आणि कायद्याच्या चौकटीतले दुसरे ठिकाण सापडणे कठीण.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ अधोरेखित केला. खराब इंजिनाच्या जागी त्याच मेकचे व प्रकारचे इंजिन बसवतानाही सातारा (एमएच-११), सांगली (एमएच-१०) किंवा कराड (एमएच-५०) येथील परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नोंदणी प्रमाणपत्रावर नवा इंजिन क्रमांक चढवावा लागतो. सीएनजी, एलपीजी किंवा विजेसाठी मान्यताप्राप्त किटची वेगळी तरतूद आहे. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी. परवानगी मिळण्याजोगी नसेल, तर ती गाडी खासगी जागेपुरती किंवा बंदिस्त ट्रॅकपुरतीच ठेवावी.