छ म्हणजे चंद्र

काश्मीरमध्ये नोकरी केलेल्यांना दोन आदेश आठवत असतील. नोव्हेंबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी जाहीर केले, की रमजानच्या महिन्यात सुरक्षा दले स्वतःहून कारवाई सुरू करणार नाहीत. मे २०१८ मध्ये गृहमंत्रालयाने पुन्हा तसाच निर्णय दिला. पहिला रमजान २८ नोव्हेंबरच्या सुमारास लागला, ऐन थंडीत. दुसरा १७ मेच्या सुमारास. महिना तोच, पण अठरा वर्षांत साडेसहा महिने मागे सरकलेला.

कारण साधे आहे. हिजरी वर्ष चंद्राच्या बारा महिन्यांचे, म्हणजे ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. आपल्या पंचांगात ही तूट अधिक महिना भरून काढतो. हिजरीत तो नाही. म्हणून प्रत्येक सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. महिना २९ दिवसांचा की ३० चा, हे चंद्रदर्शनावर ठरते. केरळात आणि दिल्लीत ईद कधीकधी वेगवेगळ्या दिवशी येते ती यामुळेच. शिवाय तारीख मध्यरात्री नाही, सूर्यास्ताला बदलते.

हे सैनिकाला कशाला हवे? रमजानात काश्मीरचे गाव पहाटेआधीच जागे होते. सहरखान ढोल वाजवत गल्लीतून फिरतो, घराघरांत दिवे लागतात. एरवी त्या वेळी अंधारात हलणारी आकृती संशयास्पद ठरली असती. कोणता महिना चालू आहे हे पेट्रोलिंगला निघालेल्या तुकडीला माहीत नसेल, तर चूक होऊ शकते आणि ती दुरुस्त होत नाही. संध्याकाळचेही तसेच. रोजा सोडायच्या वेळेला गावकऱ्याला चौकशीसाठी थांबवून ठेवले, तर वर्षभर जमवलेला विश्वास दहा मिनिटांत जातो. युनिटमध्ये मुस्लिम जवान असतील, तर ड्युटीचा तक्ता लावणाऱ्यालाही हे भान हवे.

मराठी फौजेला हे भान नवे नव्हते. पेशवेकालीन पत्रे पाहा. तारखेच्या जागी ‘छ’ हे अक्षर, पुढे आकडा आणि महिना: मोहरम, सफर, रबिलावल, जमादिलाखर, साबान, जिल्हेज. छ म्हणजे चंद्र, चंद्राची तारीख. दिल्लीच्या मोहिमेवरचा सरदार पुण्याला लिहिताना ती घाली आणि पुण्याचा कारकून ती सहज वाची. एकादशी पाळणाऱ्या घरांतली ही माणसे. रमजानचा कितवा चंद्र आहे हे त्यांना रोजच्या कामासाठी ठाऊक असे.

पण सारा चंद्रावर वसूल करता येत नाही, कारण पीक सूर्याप्रमाणे येते. म्हणून दख्खनेत सुहूर सन चालला. त्याची सुरुवात १३४४ मध्ये, हिजरी ७४५ चा आकडा घेऊन झाली असे मानतात. सूर्य मृगात शिरला की नवे वर्ष, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. आकडे मात्र अरबी शब्दांत, एकंपासून उलटे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. बेरीज येते १७६१. पानिपतची १४ जानेवारी याच सालातली. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तरी पेशव्यांच्या दफ्तरात सुहूर सन चालूच राहिला.

आज त्याच पत्रांची तारीख लावायला अभ्यासकाला मोडकांची जंत्री उघडावी लागते. पणजोबांच्या पणजोबांना तोंडपाठ असलेली गोष्ट आपल्याला परकी झाली. ती परत शिकायला फार लागत नाही. अमावास्येनंतर पश्चिमेला पहिली कोर दिसली, की त्या संध्याकाळी नवा हिजरी महिना लागतो. डायरीत त्याचे नाव लिहा आणि पुढे दिवस मोजा. सीमेवर असा किंवा निवृत्त होऊन गावी, शेजाऱ्याचा उपवास कधी आणि सण कधी हे त्याला न विचारता कळेल. शिवाय पूर्वजांचे पत्र हाती आले, तर ‘छ’पाशी अडायला होणार नाही.