वाफेवांचून, पाण्यावांचून वीज

वीज म्हटली कीं आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रें उभीं राहतात : एक कोळशाच्या धगधगत्या भट्टीचें, दुसरें डोंगरावरून नळांतून कोसळणाऱ्या पाण्याचें. एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्क शहरांत चालू केलेलें वीजघर पहिल्या प्रकारचें. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासून खोपोलीहून मिळूं लागलेली वीज दुसऱ्या प्रकारची. परंतु बारकाईनें पाहिलें तर या दोन रीतींत मूलतः भेद नाहीं. वाफ काय किंवा पाणी काय, दोघांचें काम एकच, चाक फिरविणें. चुंबक व तारेचें वेटोळें यांच्या गतीपासून वीज उत्पन्न होते, हें तत्त्व मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढलें, आणि सुमारें पन्नास वर्षांत त्याच्या बळावर शहरें उजळूं लागलीं.

फॅरडेच्या शोधानंतर अवघ्या आठ वर्षांनीं चाकावांचून वीज मिळविण्याची वाटही दृष्टीस पडली होती. पॅरिस येथें आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेंत एडमंड बेकरेल हा एकोणीस वर्षांचा तरुण आम्लयुक्त द्रवांत धातूच्या पट्ट्या बुडवून प्रयोग करीत असतां, त्यांवर प्रकाश पडला कीं विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, असें त्याला आढळलें. हें १८३९ सालचें वृत्त. मग या वाटेनें उपयोगी पडण्याजोगी वीज मिळण्यास १९५४ साल कां उजाडावें ? एकशें पंधरा वर्षांचा हा काळ कोठें गेला ?

प्रयत्न झाले नाहींत, असें मुळींच नाहीं. समुद्रांतील तारायंत्राच्या तारा तपासतांना विलोबी स्मिथ याला १८७३ त दिसून आलें कीं, सेलेनियम या मूलद्रव्यावर प्रकाश पडतांच त्यांतून वीज अधिक सुलभतेनें वाहते. तीन वर्षांनीं लंडनमध्यें ॲडम्स व डे या दोघांनीं सेलेनियमवर प्रकाश पाडून त्यांतून प्रत्यक्ष वीज काढली. १८८३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सनें सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन तबकड्या तयार केल्या. परंतु त्यांवर पडणाऱ्या प्रकाशशक्तीचा शंभरावा हिस्साही विजेच्या रूपानें हातीं येत नसे.

याहूनही मोठी अडचण बुद्धीची होती. भट्टींत कोळसा जळतो, पाणी खालीं उतरतें. येथें तर कांहींच जळत नाहीं, कांहींच हलत नाहीं! वेर्नर सीमेन्ससारख्या थोर यंत्रज्ञानें फ्रिट्सच्या तबकडीचें महत्त्व जाणून १८८५ त ती बर्लिनच्या विद्वत्सभेपुढें मांडली. पण तिची उपपत्ति त्या काळच्या पदार्थविज्ञानापाशीं नव्हतीच. प्रकाश हा शक्तीच्या पृथक् कणांनीं बनलेला मानावा, ही कल्पना आइन्स्टाइननें १९०५ सालीं मांडली, तेव्हां कोठें त्या उपपत्तीचा पाया घातला गेला. अशा रीतीनें फ्रिट्सजवळ वस्तु होती, उपपत्ति नव्हती. आइन्स्टाइननें उपपत्ति दिली, पण योग्य वस्तु अजून यावयाची होती.

ती वस्तु म्हणजे सिलिकॉन. आपल्या पायांखालच्या वाळूंतच तें दडलेलें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन हा संशोधक उष्ण व दमट प्रदेशांतील टेलिफोन-यंत्रांसाठीं टिकाऊ वीज शोधीत होता, कारण तेथें साध्या बॅटऱ्या लवकर नासत. फुलर व पिअरसन यांच्या साह्यानें त्यानें सिलिकॉनचा विद्युत्घट सिद्ध केला. शुद्ध सिलिकॉनमध्यें अन्य द्रव्यांचे अत्यल्प अंश मिसळून दोन भिन्न गुणांचे थर करावयाचे. प्रकाशानें मोकळे झालेले विद्युत्कण त्यांच्या सीमेवर एकाच दिशेस ढकलले जातात, आणि हाच विद्युत्प्रवाह. १९५४ च्या एप्रिलमध्यें जाहीर झालेला हा घट प्रकाशाचा शेंकडा सहा भाग विजेंत पालटूं शकत होता. पुढें १९५८ त सोडलेल्या ‘व्हॅनगार्ड’ या लहानशा उपग्रहाची बॅटरी त्याच वर्षीं संपली. सूर्यकिरणांवर चालणारें त्याचें यंत्र मात्र १९६४ पर्यंत संदेश पाठवीत राहिलें.

फॅरडेच्या शोधाला तांबें व लोखंड पुरे होतें, आणि तीं लोहाराच्या ओळखीचीं होतीं. बेकरेलच्या शोधाला परमाणूच्या अंतरंगाची ओळख हवी होती, व ती होईपर्यंत त्याला थांबणें प्राप्त होतें. एखाद्या प्रयोगाचा आज उपयोग काय, असें विचारून त्याची किंमत ठरविणाऱ्यांनीं हा इतिहास ध्यानांत ठेवावा. १८३९ सालीं हा प्रश्न बेकरेलला कोणी विचारला असता, तर त्या तरुणाजवळ कसलेंही समर्पक उत्तर नव्हतें.