काटकोनी दृश्यदर्शक

छायाचित्रात कोणते दृश्य येणार, ते दाखविणाऱ्या कॅमेऱ्याच्या भागास दृश्यदर्शक किंवा व्ह्यूफाइंडर म्हणतात. त्याच्या नेत्रिकेवर जे साधन बसविल्याने कॅमेऱ्याच्या रोखाशी काटकोन करून पाहता येते, ते काटकोनी दृश्यदर्शक होय. जमिनीलगतच्या वस्तू, छते इत्यादींच्या छायाचित्रणात ते उपयोगी पडते.

अजिंठ्याच्या चित्रित छतांच्या संदर्भात या साधनाचे महत्त्व ध्यानी येते. तेथील चित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी रंगविलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकरवी १८७२ पासून करविलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. मूळ चित्रेही झिजत असल्याने, ज्याच्या अनेक प्रती निघू शकतात असे छायाचित्र नोंदीचा मोठा आधार ठरले. गिल यांनी घेतलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती.

काचपट्टीच्या कॅमेऱ्यात दृश्य मागील घासलेल्या काचेवर उलटे पडे. कॅमेरा छताकडे रोखला की ही काच जमिनीकडे होई व पाहणे दुष्कर होई. १९२९ च्या रोलायफ्लेक्समध्ये आरशाच्या योगाने दृश्य वरच्या काचेवर येऊ लागले. कॅमेरा वर वळविल्यास ते बाजूने पाहता येई, मात्र डावे-उजवे उलट दिसे. १९४९ च्या काँटॅक्स-एस या कॅमेऱ्यातील पंचकोनी लोलकाने हा दोष घालविला. परंतु डोळा पुन्हा कॅमेऱ्यामागे गेल्याने जुनी अडचण परतली. ती काटकोनी दृश्यदर्शकाने दूर केली. त्यात एकच आरसा असल्यास डावे-उजवे उलटते. लोलकाचे परावर्तक पृष्ठ छपरासारखे दुपाखी केल्यास प्रतिमा यथातथ्य दिसते.

लेण्यांत फ्लॅशला मनाई असल्याने मंद उजेडात दीर्घ प्रकाशन द्यावे लागते. त्यामुळे कॅमेरा स्थिर ठेवून चौकट आधीच निश्चित करणे आवश्यक असते. कॅमेरा छताशी समांतर नसल्यास चौरस चित्रपट्ट तिरपे उमटतात. हा दोष छायाचित्र घेण्यापूर्वीच हेरता येणे, हा या साधनाचा मुख्य लाभ होय. एकविसाव्या शतकात अंकीय कॅमेऱ्यांचे वळविता येणारे पडदे हेच कार्य करू लागल्याने त्याचा वापर घटला आहे.