क्यूआर कोडनंतरचा धडा : मुलांचे स्वतःचे लेखन

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे नाव ३ डिसेंबर २०२० रोजी जगभर पोहोचले. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना त्या दिवशी 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाले. वार्की फाउंडेशनने युनेस्कोच्या सहकार्याने दिलेल्या या दहा लाख डॉलरच्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा आणि धड्याचे ध्वनिमुद्रण, चित्रफीत किंवा स्वाध्याय समोर आणायचा, ही त्यांच्या कामातील सर्वाधिक गाजलेली कल्पना. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले आणि २०१८ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही केंद्राने तशी घोषणा केली.

या साधनाची एक मर्यादा मात्र लक्षात घ्यायला हवी. क्यूआर कोडमधून आशय पुस्तकाकडून मुलाकडे जातो. मूल ऐकते, पाहते, प्रश्न सोडवते. लेखनाचा प्रवास नेमका उलटा असतो. तेथे मुलाकडून काहीतरी बाहेर यावे लागते आणि ते वाचणारा कोणीतरी असावा लागतो. डिसले यांच्याच 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' या उपक्रमात ही दुसरी बाजू दिसते. परस्परांत तणाव असलेल्या देशांतील मुलांची सहा आठवड्यांसाठी इंटरनेटवरून मैत्री जुळवून देण्याचा हा उपक्रम. भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाइन अशा जोड्या त्यात होत्या. अनोळखी मित्राला आपले गाव समजावून सांगायचे म्हटले की 'माझा गाव' या विषयावरची पाठ केलेली वाक्ये उपयोगी पडत नाहीत.

योगायोग असा, की हाच पुरस्कार २०१५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो लेखन शिकविणाऱ्या शिक्षिकेला. अमेरिकेतील मेन राज्याच्या नॅन्सी अ‍ॅटवेल यांच्या वर्गात विषय मुले निवडत, कच्चा मसुदा लिहीत, शिक्षकांशी व वर्गमित्रांशी त्यावर बोलत आणि पुन्हा लिहीत. त्यांचे 'इन द मिडल' हे पुस्तक १९८७ चे, म्हणजे वर्गात इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीचे. पद्धत आधी होती, यंत्र नंतर आले. आपल्याकडे बहुधा उलट क्रम लागतो : संगणक कक्षाचे उद्घाटन होते आणि निबंध मात्र फळ्यावरून उतरवून घेतला जातो.

मराठी शाळांना ही कल्पना परकी नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत असत; १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. वार्षिक हस्तलिखिताची परंपरा अनेक शाळांत आजही आहे. अडचण एवढीच, की हस्तलिखिताची प्रत एकच. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन झाले की ती कपाटात जाते. वर्गाचा ब्लॉग, ज्याला काही जण 'अनुदिनी' म्हणतात, ही अडचण दूर करतो. सोमवारी लिहिलेला मजकूर मंगळवारी दुसऱ्या शाळेतील मुले वाचू शकतात, प्रश्न विचारू शकतात. 'तुमच्या यात्रेतल्या नंदीध्वजाची उंची किती?' असा प्रश्न आला, की सिद्धेश्वर यात्रेवर लिहिणाऱ्या मुलाला परिच्छेद पुन्हा लिहावासा वाटतो. लाल शाईच्या शेऱ्याने हे क्वचितच साधते.

टंकलेखनाचाही भाषेला फायदा होतो. हाताने लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते; युनिकोडमध्ये मात्र आधी व्यंजन आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने टंकावे लागते. इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. त्यामुळे जोडाक्षर कोणत्या वर्णांचे बनले, हे मुलाच्या बोटांना कळते. मोबाइल आपणहून शब्द सुचवतो तेव्हा मात्र हा फायदा उरत नाही. 'फूल' दीर्घ पण 'फुलाला' ऱ्हस्व का, याचे उत्तर सुचवणीच्या पट्टीत नसते. शुद्धलेखनाच्या तासाला ही सोय बंद ठेवलेली बरी.

सोलापुरात यापुढचा प्रश्न भाषेचाच आहे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड, अनेक वस्त्यांत उर्दू किंवा दखनी. घरात एक भाषा आणि वहीत दुसरी, अशी असंख्य मुले येथे आहेत. अशा मुलाला कोऱ्या कागदासमोर बसविण्याआधी बोलू द्यावे. आजीने सांगितलेली गोष्ट घरच्या भाषेत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायची, वर्गात ऐकवायची आणि मग तिचे मराठी करायचे. गुगलने २०१७ मध्ये मराठीसाठी आणलेली बोलून लिहिण्याची सोयही येथे कामी येते. यंत्राने उतरवलेल्या मजकुरात विरामचिन्हे बहुधा मुलांनाच घालावी लागतात आणि वाक्य कोठे संपते याचा विचार त्यातूनच सुरू होतो.

धोकेही आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. संपूर्ण नाव, छायाचित्र व पत्ता न देणे, खाते वर्गाच्या नावाने ठेवणे आणि प्रत्येक मजकूर व प्रतिसाद शिक्षकांनी आधी वाचणे, एवढे पथ्य पाळावेच लागते. तयार निबंध पुरविणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल ओरड होते. पण निबंधांची तयार पुस्तके घराघरात होतीच. मुलाचे तीन मसुदे तारखांसह समोर असतील, तर नक्कल ओळखणे फारसे अवघड राहत नाही. सामाईक दस्तऐवजांत जुने मसुदे आपोआप जपले जातात.

ज्या शाळेत एकच मोबाइल आहे, तोही शिक्षकांचा, तेथे मुलांनी वहीत लिहावे, शिक्षकांनी त्या पानाचे छायाचित्र दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना पाठवावे आणि आलेले उत्तर वर्गात वाचून दाखवावे. आठवड्यातून एक तास त्याला पुरतो.