दाराशी थांबलेला शब्द

सरकारदरबारी खेटे घालून चपला झिजल्या, असं सांगणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे झुंबरं आणि गालिचे नसतात. असतो तो कचेरीबाहेरचा बाक. शब्दाचं कूळ शोधत गेलं, तर हा बाकच मुळाच्या अधिक जवळचा निघतो. फारसीत 'दर' म्हणजे दार, आपल्या 'दारा'चा आणि संस्कृत 'द्वारा'चा चुलतभाऊ. 'बार' म्हणजे धन्यासमोर येण्याची मुभा. (बारगिरातला 'बार' वेगळा, तो ओझ्याचा.) म्हणजे दरबार या शब्दात सिंहासन कुठेच नाही. आहे ते दार, आणि आत सोडतील की नाही ही धाकधूक.

त्याच वाटेने आलेली त्याची भावंडंही आपल्या घरात नांदतात. 'दाद' म्हणजे न्याय, 'फिर्याद' म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक. आता दाद गवयाला मिळते आणि फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदवली जाते. 'दाद ना फिर्याद' म्हणताना तेवढी दोघं जुन्या अर्थाने पुन्हा शेजारी बसतात.

रयतेला भेटण्याची रीत मोगलांनी थाटामाटाने बसवली. अकबर सकाळी झरोक्यात उभा राही, खाली लोक जमत. जहांगीर 1605 मध्ये गादीवर आला तो पहिलाच हुकूम साखळीचा. आग्र्याच्या किल्ल्याच्या बुरुजापासून यमुनेकाठच्या दगडी खांबापर्यंत सोन्याची साखळी, तिला 60 घंटा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ती हलवावी. लांबी 30 गज आणि वजन चार मण, हेही बादशहाने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. अन्यायाने आधीच खचलेल्या माणसाच्या हातांना ती हलत असेल का, अशी शंका माझ्या मनात उगाच येते. पुढे औरंगजेबाने झरोक्यातलं दर्शनच बंद केलं.

आपल्याकडे गावपातळीवर मात्र वेगळा प्रकार होता. वतनाचा, शिवेचा तंटा निघाला की गोतसभा बसे. सरकारी अधिकारी तिथे हजर असे, पण गोतासोबत बसे. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर साक्ष म्हणून पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, बलुतेदारांची आपापली हत्यारं अशा निशाण्या उमटत. मानपान आणि जातपात त्या बैठकीतही होतीच, तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. तरी फरक मोठा आहे. दरबारात रयत मागायला येते, गोतसभेत ती निवाड्याला बसते.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी यातला दरबार तेवढा उचलला, तोही शोभेचा. सरदारांनी मानाच्या क्रमाने बसावं, अत्तर-पानसुपारी घ्यावी आणि घरी जावं. गाऱ्हाण्याला त्यात जागा नव्हती. ती पुण्याने करून घेतली. पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल नाराजी होती, त्या निमित्ताने 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर किमान 50 माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं, असा तिचा नियम. मला या सगळ्या कुळकथेत हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. 'तुम्ही कोण?' या सरकारी प्रश्नाला तो कागदी उत्तर देत होता. दारावर एकटा उभा असलेला माणूस हाकलता येतो, मागे पन्नास सह्या असलेल्याला निदान नाव तरी विचारावं लागतं.

सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, 1877 च्या दिल्ली दरबारात गेले ते हातसुताचे कपडे घालून. व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी झाल्याचा तो सोहळा. जरतारी राजेरजवाड्यांच्या त्या गर्दीत काकांनी सभेचं मानपत्र सादर केलं आणि त्यातूनच मागणी पुढे केली: इथल्या प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा द्या. शोभेच्या दरबारात असा अर्ज शिरला.

स्वातंत्र्यानंतर मंत्री आणि पुढारी 'जनता दरबार' भरवू लागले. नाव वाचून वाटावं, जनता खुर्चीत बसते आणि मंत्री अर्ज घेऊन उभे राहतात! महाराष्ट्र सरकारने स्वतःच्या उपक्रमाला 'लोकशाही दिन' म्हटलं, तेव्हा निदान शब्दापुरता दरबार सुटला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी, शेजारी खात्याखात्यांचे अधिकारी, समोर अर्जदार. पण अर्ज विहित नमुन्यात हवा, 15 दिवस आधी, दोन प्रतींत. न्यायालयात असलेली प्रकरणं चालत नाहीत, नोकरीविषयक तक्रारीही नाहीत.

माघात जोतिबाचे खेटे रविवारी असतात. हे कचेरीतले खेटे सोमवारी. जोतिबाच्या दर्शनाला वाडी रत्नागिरीचा डोंगर चढून आलेल्याला मात्र दोन प्रती मागत नाहीत.